लॅबच्या सर्व्हरवरचे युजर आपोआप अपडेट करायचेत : स्वतः स्क्रिप्ट लिहू की सिंक लावू?

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. मी बेळगावातच एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबचं बघतो. कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी पाहिजे अजून. तीन जुने सर्व्हर जोडून प्रॉक्समॉक्सचं (एका सर्व्हरवर अनेक व्हर्चुअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) क्लस्टर केलंय, व्हर्जन ८. दर सेमिस्टरला साधारण १७० पोरं, प्रत्येकाला एक युजर आणि एक व्हर्चुअल मशीन. पहिल्या वर्षी सगळे युजर हातानं केले, दोन दिवस गेले, बोटं दुखली. दुसऱ्या वर्षी बॅश स्क्रिप्ट लिहिली. ऑफिसातले मामा एक्सेल देतात, त्याचं सीएसव्ही करतो, स्क्रिप्ट एकेक ओळ वाचून युजर तयार करते आणि पासवर्ड घालते.

खरं आता वैताग आलाय. यादी एकदा येऊन थांबत नाही की ओ. लेट अ‍ॅडमिशन, ब्रँच बदल, कोण सोडून गेला, कोण वर्ष राहिला. सेमिस्टर सुरू झाल्यापासून चार याद्या आल्या. स्क्रिप्ट परत चालवली की आहेत त्यांच्यावर 'युजर आधीच आहे' म्हणून ओरडते आणि ज्यांचं काही बदललंय त्यांचं तसंच राहतं. गेलेल्यांचं तर कोण बघतच नाही, २०२३ ची पोरं अजून आत आहेत.

आणि एक विचित्र भानगड. युजरला पहिल्या नोडच्या (म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरच्या) पत्त्यावरून लॉगिन होतं, दुसऱ्या-तिसऱ्या नोडवरून होत नाही. युजरच्या यादीत नाव तिन्हीकडं दिसतं!

कॉलेजात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती-पासवर्ड ठेवणारी मायक्रोसॉफ्टची यादी) आहे, खरं ती दुसऱ्या डिपार्टमेंटच्या ताब्यात. माझा प्रश्न एवढाच, अपडेट करणारं टूल स्वतः लिहू की त्यांच्या पाया पडून सिंक लावू, म्हणजे त्यांची यादी आपोआप इकडं येईल?

चिकोडी_पॅसेंजर

पाया पड. स्क्रिप्टपेक्षा कमी ओळी लागतात.

निपाणीकर

नोडचं कोडं सोपं आहे. तू युजर पॅम रियल्ममध्ये (रियल्म म्हणजे पासवर्ड कुठं तपासायचा ते) केलायस. प्रॉक्समॉक्समध्ये युजरच्या नावापुढं जे अ‍ॅट लागतं ना, ते बघ. पॅम असेल तर पासवर्ड तपासतो तो त्या त्या मशीनचा लिनक्स. म्हणजे लिनक्सवर पण तो युजर पाहिजे, आणि तीन नोड असतील तर तिन्हीवर वेगवेगळा पाहिजे. क्लस्टरमध्ये फिरते ती फक्त प्रॉक्समॉक्सची युजर यादी. म्हणून नाव सगळीकडं दिसतं. रजिस्टरला नाव तिन्ही बिल्डिंगमध्ये आहे, किल्ली मात्र एकाच बिल्डिंगच्या कुलपाची दिलीयस.

पोरांसाठी पीव्हीई रियल्म (प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा) वापर. त्याचे पासवर्ड क्लस्टरच्या कॉमन फाइलीत राहतात, तिन्ही नोडवर एकच. आणि पोरांना लिनक्सचं खातं द्यायची गरजच काय? पॅम फक्त रूटला (मुख्य खात्याला) आणि तुला.

तिसरं_गेट

अरे देवा. १७० जणांना तिन्ही नोडवर घालायला मी लूप लिहूलो होतो. पहिल्या नोडवर सगळ्यांना लिनक्सचं खातं देऊन बसलोय, ते आधी काढतो.

हिडकल

माझं स्पष्ट मत. १७० युजरसाठी टूल वगैरे लागत नाही. दिवसाला वीस केले तर नऊ दिवसांत संपतात. आमच्या वेळी पाचशे जणांचे ईमेल हातानं केलेत. हातानं केलं की माणसाला यादी माहीत होते, चुकीचं नाव डोळ्याला खुपतं. टूलला काही खुपत नाही.

चिकोडी_पॅसेंजर

काका, नऊ दिवसांत पाचवी यादी येते.

पुण्यातला_बेळगावकर

हिडकल काकांचं शेवटचं वाक्य मात्र खरं आहे, त्याच्यावर नंतर येतो.

तुझी स्क्रिप्ट 'कर' असं सांगते. टूलनं 'असं असायला पाहिजे' असं सांगायला पाहिजे, फरक एवढाच. यादीत आहे आणि सर्व्हरवर नाही, तर तयार कर. दोन्हीकडं आहे आणि ग्रुप वेगळा आहे, तर ग्रुप बदल. दोन्हीकडं सारखं आहे, तर गप्प बस. अशी लिहिली की दहा वेळा चालव, काही बिघडत नाही. अ‍ॅन्सिबल यासाठीचंच टूल आहे, आम्ही इथं पुण्यात सगळं त्याच्यावरच चालवतो. वर चेक मोड आहे, न बदलता नुसतं काय बदलेल ते दाखवतो. तुझ्याजागी मी असतो तर अ‍ॅन्सिबल, डोळे झाकून.

शहापूरची_अक्का

डोळे झाकू नकोस रे बाबा. तुझ्या प्लेबुकात (त्या टूलच्या स्क्रिप्टमध्ये) प्रॉक्समॉक्सच्या कमांडी साध्या कमांड मॉड्यूलनं चालवल्या असतील तर चेक मोडमध्ये ते टास्क सरळ स्किप होतात. स्क्रीनवर काहीच बदल नाही असं दिसतं आणि माणूस खुशीत खरं रन मारतो. मी मारलाय.

आणि लिनक्सच्या युजर मॉड्यूलमध्ये पासवर्डचा हॅश (साठवायचा सांकेतिक रूप) दर वेळी नवीन सॉल्टनं (त्यात मिसळायच्या रँडम अक्षरांनी) बनत असला तर प्रत्येक रनला पासवर्ड परत लिहिला जातो. पोरानं बदललेला पासवर्ड रात्री परत जुना. आमच्याकडं आठवडाभर 'मॅडम पासवर्ड आपोआप बदलतो, भूत आहे' चाललं होतं. पासवर्ड फक्त युजर तयार होतानाच घालायचा, असं सेटिंग आहे त्यात, ते लावायचं.

पुण्यातला_बेळगावकर

+१, मान्य. कमांड मॉड्यूलचं मी विसरलो होतो.

उद्यमबाग_शिफ्ट२

आमचं वेगळं जग आहे. उद्यमबागेत फौंड्री आहे आमची, दोन ईएसएक्सआय होस्ट (प्रॉक्समॉक्ससारखंच, व्हीएमवेअरचं), ते एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटर नाही. ब्रॉडकॉमनं २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर घेतल्यापासून आमचे साहेब दर महिन्याला विचारतात, 'ते प्रॉक्स काय म्हणतात ते बघितलंस काय?' बघूलोय म्हणतो.

माझा अनुभव पासवर्ड आपोआप बदलण्याचा. ऑडिटवाले म्हणाले रूटचा पासवर्ड दर ९० दिवसांनी बदला. मी स्क्रिप्ट केली, दोन्ही होस्टवर बदलते, नवीन पासवर्ड व्हॉल्टमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) टाकते. पहिल्याच रात्री मस्त चालली. सकाळी रूटनं लॉगिनच होत नाही! पासवर्ड बरोबर आहे, तीनदा बघून टाकला. पंधरा मिनिटांनी एकदम झालं, चहा पिऊन आलो तर परत बंद.

झालं होतं असं, की मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरात जुना पासवर्ड तसाच होता आणि ते दर मिनिटाला दार वाजवत होतं. ईएसएक्सआयमध्ये पाच वेळा चुकला की खातं १५ मिनिटं लॉक, हे डिफॉल्ट आहे. कुलूप उघडायचं, पाच मिनिटांत ते परत लावून टाकायचं. समोर स्क्रीन-कीबोर्ड जोडून कन्सोलवरनं गेलो तेव्हा आत गेलो, कारण ते लॉक एसएसएच आणि वेबलाच लागतं, मशीनच्या स्वतःच्या कन्सोलला नाही. साचे ओतायच्या भट्टीच्या शेजारची ती सर्व्हर रूम, मे महिना, एसी बंद. विसरणार नाही.

तेव्हा टूल लिहायच्या आधी एक कागद घ्या आणि हा युजर कुठं कुठं वापरलाय ते लिहा. बॅकअप, मॉनिटरिंग, एखादी जुनी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट).

निपाणीकर

आणि होस्ट डोमेनला, म्हणजे कंपनीच्या डिरेक्टरीला, जोडला असेल तर तो 'ईएसएक्स अ‍ॅडमिन्स' ग्रुप बघा हो. डिरेक्टरीत त्या नावाचा ग्रुप कुणी नुसता तयार केला तरी त्यातल्या सगळ्यांना होस्टवर पूर्ण अ‍ॅडमिन मिळायचा. २०२४ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं हे जाहीर केलं, रॅन्समवेअरवाले तेच वापरत होते. डिरेक्टरीवर विश्वास टाकून सगळं आपोआप सोडलं की डिरेक्टरीत लिहू शकणारा प्रत्येक माणूस तुमच्या सर्व्हरचा मालक होतो.

उद्यमबाग_शिफ्ट२

आमचा जोडलेला नाही. आळशीपणाचा पहिल्यांदाच फायदा झाला.

शहापूरची_अक्का

मूळ प्रश्नावर येते. सिंक चांगलं आहे, मी वापरते. खरं आधी माझी गोष्ट ऐक, मग ठरव.

मी आधी एका कंपनीत होते, तिच्या शाखा बेळगाव, हुबळी, गोवा. डिरेक्टरी हेड ऑफिसची, प्रॉक्समॉक्स आमचं. रियल्म सिंकमध्ये युजर फिल्टर लावता येतो, म्हणजे सगळ्या कंपनीतली माणसं नकोत, आमच्या शाखेचीच पाहिजेत. मी शहराच्या रकान्यावर फिल्टर लावला. शहर बरोबर बेळगाव, इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग, जीएयूएम. सगळ्यांच्या नोंदीत तेच होतं. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारनं नाव बेळगावी केलं तरी हेड ऑफिसच्या डिरेक्टरीत कितीतरी वर्षं कुणी हात लावला नव्हता.

मग एके शुक्रवारी संध्याकाळी हेड ऑफिसात कुणाला तरी नीटनेटकेपणा सुचला. सगळ्या नोंदी नव्या स्पेलिंगनं. त्यांचं चूक नाही, सरकारी नाव तेच आहे. रात्री २ ला आमचं सिंक चाललं. फिल्टरला माणसं किती सापडली? शून्य.

आता सिंकमध्ये 'गायब झालेले काढा' म्हणून तीन टिकमार्क असतात. एक युजरची नोंदच काढायची, दुसरा त्याच्या परवानग्या काढायच्या, तिसरा डिरेक्टरीत नसलेली जास्तीची माहिती पुसायची. मी हौसेनं तिन्ही लावले होते, सगळं कसं स्वच्छ पाहिजे म्हणून. सर्व्हरच्या दृष्टीनं आमची अख्खी शाखाच नोकरी सोडून गेली होती. त्यानं सांगितलं ते केलं, ६० च्या वर माणसं आणि त्यांच्या परवानग्या साफ.

शनिवारी सकाळी फोन सुरू. मी म्हटलं ठीक आहे, फिल्टर बदलते आणि परत सिंक करते. केलं. माणसं आली परत, परवानग्या कुठनं येणार? कुणाला कुठलं मशीन होतं ते डिरेक्टरीला काय माहीत. आम्ही हातानं एकेकाला दिल्या होत्या दोन वर्षांत.

चिकोडी_पॅसेंजर

म्हणजे नावाच्या वादात शेवटी सर्व्हरनंच निकाल दिला. :)

हिडकल

हे असं म्हणूनच म्हणतो, हातानं करा.

खानापूर_पाऊस

अक्का, मग परत कसं आणलंत? पुढं सांगा की.

शहापूरची_अक्का

नशीब होतं. ईटीसीच्या आत पीव्हीई म्हणून जे फोल्डर असतं त्यात युजर डॉट सीएफजी नावाची एकच साधी मजकूर फाइल असते. युजर, ग्रुप, रोल (अधिकारांचे गठ्ठे), परवानग्या, टोकनची (पासवर्डऐवजी स्क्रिप्टला द्यायच्या किल्ल्यांची) नावं, सगळं त्यात ओळीओळीनं. उघडून बघ, डोळ्यांनी वाचता येते. मी महिनाभर आधी कशासाठी तरी ती फाइल माझ्या लॅपटॉपवर कॉपी केली होती, डेस्कटॉपवर 'युजर जुनं' नावानं पडली होती. त्यातल्या परवानग्यांच्या ओळी काढून परत घातल्या. मधल्या महिन्यात बदललेल्या सातेक जणांचं विचारून विचारून केलं. दुपारी तीनला जेवले.

त्यानंतर ती फाइल रोज रात्री सिंकच्या आधी कॉपी होते, तारखेसह. पीव्हीई रियल्मवाल्यांनी तिच्याबरोबर प्रिव्ह फोल्डरमधली शॅडो डॉट सीएफजी पण घ्यावी, पासवर्डचे हॅश तिथं असतात. दोन्ही मिळून काही केबीची भानगड आहे, त्याचा कंटाळा करू नये.

आणि तीन टिकमार्कपैकी आता एकही लावत नाही. गेलेल्यांना दुसरी छोटी स्क्रिप्ट डिसेबल करते, डिलीट नाही. डिसेबल केलं की लॉगिन बंद, परवानग्या जागेवर. माणूस परत आला तर एक टिक. शिवाय स्क्रिप्टला मर्यादा घातलीय : एका वेळी दहापेक्षा जास्त लोक गायब दिसले तर काही न करता थांबायचं आणि मला मेल टाकायचा. हिडकल काका, हे तुमचं 'डोळ्याला खुपणं', टूलला शिकवता येतं.

हिडकल

दहाची मर्यादा आवडली. बाकी मी माझ्या मतावर आहे.

पुण्यातला_बेळगावकर

वाचतानाच घाम आला. सिंकला ड्राय रन (न बदलता नुसतं काय होईल ते दाखवणं) पण आहे, कमांडलाइनवर पण आणि वेबवर प्रिव्ह्यू म्हणून पण. रात्रीच्या जॉबला ते कोण बघणार हा प्रश्न आहेच म्हणा.

तिसरं_गेट

अक्का, दंडवत. आमच्या कॉलेजच्या एक्सेलमध्ये तर एकाच रकान्यात बेळगावची तीन स्पेलिंगं आहेत, एक तर बी ऐवजी व्ही नं सुरू होतं.

खानापूर_पाऊस

माझं पण एक घ्या. आमचं छोटं क्लस्टर, तीनच नोड. यूपीएस एकालाच, बाकीचे दोन देवाच्या भरवशावर. जुलैतला खानापूरचा पाऊस माहीत असेलच, लाईट गेली की गेली. रात्रीची क्रॉन चालली तेव्हा एकच नोड जिवंत होता. सकाळी लॉग बघितला : 'सर्व युजर अपडेट झाले'. बरं वाटलं. आणि प्रत्यक्षात एकही झालेला नाही.

कारण ते पीव्हीई फोल्डर म्हणजे साधं फोल्डर नव्हे, क्लस्टरचं सामायिक. तिघांतले दोन गेले की कोरम गेला, आणि कोरम गेला की ते फोल्डर फक्त वाचायला, लिहिता येत नाही. पंचायतीसारखं आहे, सभासद नाहीत तर ठराव नाही. प्रत्येक कमांड एरर देत होती आणि माझी स्क्रिप्ट एरर न बघता पुढच्या ओळीला जाऊन शेवटी आनंदानं 'झाले' छापत होती. त्या छापायच्या ओळीला अट नव्हतीच की!

आता सुरुवातीलाच कोरम आहे का बघते, नसेल तर बाहेर. आणि शेवटी 'झाले' ऐवजी आकडे छापते : नवीन किती, बदललेले किती, डिसेबल किती, चुकलेले किती.

चिकोडी_पॅसेंजर

'सर्व कामे झाली' असं न बघता लिहिणारी स्क्रिप्ट. ही सरकारी नोकरीत लागली असती.

निपाणीकर

आता नावांचं बोला, खरी भानगड तिथं आहे. आपल्याकडं एकाच वर्गात चार पाटील, तीन देसाई, दोन कुलकर्णी असणारच. वर मार्क्स कार्डावर कानडी पद्धतीनं, आधारवर मराठी पद्धतीनं, आणि पोरगं स्वतः तिसरंच स्पेलिंग लिहितं. कुणाचं इनिशियल आधी, कुणाचं गावाचं नाव शेवटी. नावावरून युजरनेम करशील तर दर सेमिस्टरला भांडण. व्हीटीयूचा (विद्यापीठाचा) यूएसएन, म्हणजे विद्यार्थी नंबर, घे, प्रत्येकाचा वेगळा, चार वर्षं बदलत नाही. तो युजरनेम, आणि नाव फक्त कॉमेंटमध्ये, तिथं कसंही लिहिलं तरी काही अडत नाही.

तिसरं_गेट

यूएसएनचं पटलं. खरं पहिल्या सेमिस्टरच्या पोरांना तो उशिरा मिळतो, तोपर्यंत काय?

निपाणीकर

तोपर्यंत अ‍ॅडमिशन नंबर. नंतर नवीन युजर करून परवानग्या हलवायच्या, कारण प्रॉक्समॉक्समध्ये युजरचं नाव बदलायची सोय नाही. म्हणूनच परवानगी माणसाला न देता ग्रुपला आणि मशीनच्या पूलवर (मशीनच्या गटावर) द्यावी. ग्रुप बदलला की काम झालं. प्रत्येक पोराचं वेगळं मशीन असलं तर तेवढं एकच माणसाच्या नावावर ठेव.

एक बारीक गोष्ट, डिरेक्टरीतून सिंक झालेल्या ग्रुपच्या नावाला मागं डॅश देऊन रियल्मचं नाव चिकटतं. स्क्रिप्टमध्ये साधं नाव लिहिलंस तर सापडणार नाही आणि तू दोन तास डोकं खाजवशील.

उद्यमबाग_शिफ्ट२

एक्सेलवाल्यांनी हे पण बघा. 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलं की फाइलीच्या अगदी सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह येतं. पहिल्या रकान्याचं नाव वाचताना ते चिकटतं आणि स्क्रिप्टला तो रकानाच सापडत नाही. आणि विंडोजच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर, तेही दिसत नाही. ते शेवटच्या रकान्याला लागतं. माझ्याकडं शेवटचा रकाना ग्रुपचा होता, दिसायला 'मेंटेनन्स' आणि आत 'मेंटेनन्स अधिक काहीतरी'. डोळ्यांनी दोन्ही एकच, संगणकाला वेगळे. अर्धा दिवस गेला, मग एकानं हेक्समध्ये फाइल उघडून दाखवली. त्याला कुंदा खिलवला.

चिकोडी_पॅसेंजर

किती कुंदा? पाव किलोवर भागवलास काय?

उद्यमबाग_शिफ्ट२

अर्धा किलो. त्यानं तिथंच अर्धा संपवला.

शहापूरची_अक्का

पाव किलो तर चहाबरोबर जातो रे. मुदतीचं राहिलं. युजरला एक्सपायरी तारीख देता येते, सेमिस्टर संपलं की आपोआप बंद. खरं ती तारीख १९७० पासूनच्या सेकंदांत द्यावी लागते, आणि शून्य दिलं तर अर्थ 'कधीच संपत नाही'. एकानं तारखेचा रकाना रिकामा सोडला, स्क्रिप्टनं रिकाम्याचं शून्य केलं, आणि एक ट्रेनी कंपनी सोडून वर्षभर झालं तरी आत होता. रिकामा रकाना दिसला की ओळच नाकार, अंदाज करू नकोस.

पुण्यातला_बेळगावकर

आणि स्क्रिप्टमध्ये रूटचा पासवर्ड लिहून ठेवला असशील तर आत्ता काढ. वेगळा युजर कर, त्याला पीव्हीई-युजर-अ‍ॅडमिन हा तयार रोल दे, त्याचा एपीआय टोकन वापर. टोकनला वेगळे अधिकार ठेवायचा टिकमार्क असतो, तो लावलास तर टोकनला स्वतंत्र परवानगी द्यावी लागते, नाहीतर सगळीकडं 'परवानगी नाही' येईल आणि तू टोकन खराब आहे म्हणशील. टोकननं आहे त्या युजरचा पासवर्ड मात्र बदलता येत नाही, ते मुद्दाम बंद ठेवलंय.

तिसरं_गेट

पासवर्ड लिहिलेला आहे. काढतो. कुणाला सांगू नका.

हिडकल

सांगितलंस की जगाला.

तिसरं_गेट

(तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, काय झालं ते सांगतो.

डिरेक्टरीवाल्या सरांकडं गेलो, चहा पाजला. सर म्हणाले वाचण्यापुरतं खातं देतो, खरं पोरांच्या नोंदी आमच्याकडं पण दिवाळीनंतरच पूर्ण होतात. म्हणजे सिंक लावलं असतं तर अर्धी पोरं दिवाळीपर्यंत बाहेर. म्हणून सिंक आत्ता फक्त शिक्षकांसाठी, एकही 'काढा'चा टिक न लावता. डिरेक्टरीचा सर्व्हर बंद पडला तर सिंकवाल्या कुणालाच लॉगिन होत नाही, पासवर्ड तिकडंच तपासला जातो, हे सर स्वतःच म्हणाले. म्हणून माझं आणि रूटचं पॅममध्येच.

पोरांसाठी स्वतःचं टूल, पायथनमध्ये, पीव्हीई रियल्मवर. यूएसएन युजरनेम. आधी फाइल साफ करतं, न दिसणारी चिन्हं, शेवटच्या मोकळ्या जागा, दोनदा आलेले यूएसएन. मग सर्व्हरवरची यादी आणि मामांची यादी शेजारी ठेवून फक्त फरक छापतं. मी बघतो, 'हो' टाइप केलं तरच पुढं. ऑटोमॅटिक म्हणायला लाज वाटते, खरं रात्री २ ला चालवायची हिंमत अजून नाही.

पहिल्या खऱ्या रनला छापलं : नवीन ११, ग्रुप बदल ६, डिसेबल ४८. मर्यादा दहाची होती म्हणून तिथंच थांबलं. ४८ कुठले म्हणून बघितलं तर मामांनी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची यादी दुसऱ्या शीटवर ठेवली होती आणि सीएसव्हीत सेव्ह करताना समोर उघडी असलेली एकच शीट येते. अक्का, त्या दिवशी घरी येऊन तुमची गोष्ट बायकोला सांगितली.

२०२३ ची पोरं डिसेबल केली. त्यांची मशीनं तशीच आहेत, डिस्क ७० टक्के भरलीय, तो वेगळा धागा काढतो.

शहापूरची_अक्का

काढ. आणि मामांना कुंदा दे, शीटचं नीट सांग.

तिसरं_गेट

मामांनीच उलट मांडे आणून दिले, घरच्या लग्नातले. म्हणाले आता यादी एकाच शीटवर देतो, खरं तुझं ते मशीन प्रत्येक वेळी मला फोन करायला लावतं ते बंद कर.

एक शंका राहिली. चारपैकी एका पाटलाचं अजून लॉगिन होत नाही. यूएसएन बरोबर, एनेबल आहे, तारीख बरोबर. बाकी १६९ चालूलेत.

निपाणीकर

लॉगिनच्या पानावर रियल्मचा ड्रॉपडाउन असतो. तो पॅमवरच ठेवून पासवर्ड मारत असेल.

तिसरं_गेट

तेच होतं.